नसरीनआपांचा शिक्का

नसरीनआपा यंत्राचा ताप माणसाचा पाहावा तसा पाहायच्या. लोडच्या मागच्या जाळीला उलटा हात लावायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून गरम हाय. दम खाऊ दे त्याला."

लोड म्हणजे विजेचं खोटं ओझं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात दवाखान्यांतल्या यंत्रांचे पॉवर सप्लाय बनत. सप्लायला लोड जोडायचा, त्याला वीज ओढू द्यायची आणि सप्लाय टिकतो का ते पाहायचं. डिप्लोमा झालेल्या आपा टेस्टिंगच्या प्रमुख होत्या. त्यांच्या शिक्क्याशिवाय माल निघत नसे. मी त्यांच्या हाताखाली नवा होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑक्सिजनच्या यंत्रांची ऑर्डर आली. त्यांची मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट वीज मागते. तेवढा झटका आमचा लोड एकदा झेलायचा. लगेच पुन्हा दिला की तापून, शिट्टी मारून बंद पडायचा. म्हणून आपा दोन लोड आलटूनपालटून वापरत. त्यातला एक बिघडला. उरलेला निवेपर्यंत दर वेळी थांबायचं, त्यामुळे काम रखडलं.

माल निघायच्या दिवशी सेठची एक रीत होती. सगळा माल पास झाल्याशिवाय शटर उघडायचं नाही. आत आम्ही, बाहेर कुलूप. मी याला तेव्हाही कैद म्हणत होतो, आजही म्हणतो.

त्या दुपारी सेठ टेबलापाशी आले. "आपा, सरासरी लोडवर बघा अन् पास करा. जल्दी."

"सेठ, मोटर सरासरीनं सुरू होती का? झटक्यात सप्लाय बसला, तर नळी लावलेल्या माणसानं काय करावं? सरासरी श्वास घ्यावा?"

मी हसलो. सेठ हसले नाहीत. "क्वार्टर कंपनीचं हाय, ध्यानात हाय ना? हमीदभाईची नोकरी बी."

हमीदभाई म्हणजे आपांचे नवरे, कारखान्याचे ड्रायव्हर. हा माल तेच नेणार होते. शटरबाहेर त्यांचा हॉर्न वाजत होता.

"आपा, काम बंद करू! सगळे खाली बसू!" मी ओरडलो.

"बस की. उद्या तू बापाच्या घरी जाऊन जेवशील. मी कुठं जाऊ, भाषण खाऊ?"

मग त्यांनी शिक्का सेठपुढं सरकवला. "तुम्ही मारा. माझ्या हातानं न्हाई होणार."

सेठनं खरंच शिक्के मारले. एकेका डब्यावर, बराबर ओळीत. शटर वर गेलं. हमीदभाईंनी आपांकडं न बघता माल चढवला आणि नेला.

दुसऱ्या दिवशी टेस्टिंगला सेठचा भाचा आला. आपांना पॅकिंगला बसवलं. मी नोकरी सोडली. जाताना त्यांना म्हणालो, "तुम्हीपण चला. आपण हे सगळ्यांना सांगू. पत्रकं काढू."

त्या खोक्याला टेप लावत होत्या. "तू जा रे. तुला जाता येतं."

"पण ते सप्लाय गेले कुठल्या दवाखान्यात?"

टेप लावणारा हात थांबला. "ह्यांना ठावं हाय. ह्यांनीच उतरवलेत. मी इचारत न्हाई, हे सांगत न्हाईत. अन् क्वार्टरला खोली एकच हाय."