खोट्या प्रिंटरचा स्वभाव

ज्या प्रिंटरसाठी मी प्रोग्रॅम लिहिला, तो प्रिंटर मी पाहिलेलाच नव्हता. हे सांगायला मला आजही अवघड वाटतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कुडाळात टाईपरायटर विकणाऱ्या एका दुकानात मालकांनी हौसेने एक कॉम्प्युटर आणून ठेवला होता आणि तो चालवायला मला नेमलं होतं. त्याच सुमारास देवगडच्या आंबा बागायतदारांच्या एका सोसायटीने कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतला. पेटीवर चिकटवायला त्यांना मराठी लेबल हवं होतं : बागायतदाराचं नाव, गाव, किती डझन. तोवर पत्र्याचा साचा पेटीवर धरून त्यावरून काळ्या शाईचा ब्रश फिरवत. घाईत निम्मी अक्षरं फरफटत आणि मुंबईला एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर जमा होई.

अडचण अशी, की त्या प्रिंटरला फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक. मराठी हवं तर प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी ठिपक्या-ठिपक्याने काढून द्यायची. कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यामध्ये बसून हे काम करणारा जो प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं. प्रिंटर मात्र देवगडला, आणि आमच्या दुकानात तसला प्रिंटर नाही. म्हणून मी एक खोटा प्रिंटर तयार केला. तोही प्रोग्रॅमच. ड्रायव्हरने पाठवलेले ठिपके घ्यायचे आणि कागदाऐवजी पडद्यावर काढून दाखवायचे, एवढंच त्याचं काम. माझा ड्रायव्हर या खोट्या प्रिंटरशी बोलायचा आणि पडद्यावर सुंदर मराठी उमटायचं. ते बघून मला इतका आनंद झाला, की मी देवगडला फोन लावून सोसायटीच्या टायपिस्टबाईंना सांगून टाकलं, "शंभर टक्के चालतला!"

बाई माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. देवगडच्याच एका ख्रिस्ती घरातल्या. कित्येक वर्षं त्यांची नेमणूक हंगामापुरती व्हायची : आंबा सुरू झाला की नोकरी, आंबा संपला की घरी. कॉम्प्युटर घ्या म्हणून कमिटीच्या मागे त्याच लागल्या होत्या. कमिटीने शेवटी मान्य केलं, पण बजावून : मशीन चाललं तर बाईंना त्यावर कायम करू, नाही चाललं तर ते आलं तसं फोंडाघाट चढून कोल्हापूरच्या दुकानदाराकडे परत जाईल आणि बाईंची जागाही बंद. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी तो फोन केला.

फ्लॉपी घेऊन मी एसटीने देवगडला गेलो. कमिटीसमोर दाखवायच्या आधी घरच्या घरी बघून घेऊ, असं ठरलं होतं. सोसायटीचे अध्यक्ष दारातच उभे होते. मोठी बाग, मोठा आवाज.

"काय रे, ड्रायव्हर हाडलंस मा? मगे गाडी खंय लावलंस?"

हा विनोद त्यांनी आधीपासून तयार ठेवला असावा, कारण हसायला दोन हमाल बोलावून ठेवले होते.

यंत्र सुरू करायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. प्रिंटरपुढे नारळ ठेवला. अध्यक्षांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं :

"बा देवा म्हाराजा! आज ह्या सोसायटीत जा काय नवीन यंत्र मांडलेला आसा, तेका कोणाची नजर लागली, लाईट गेली, कागद आडाकलो, उंदरान वायर कुरतडल्यान, नायतर ऐन कामाच्या वक्ताक तेणाच आंग काढल्यान, तर तां सगळा दूर कर आणि लेकरांक यश दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा होता.

मी कळ दाबली. प्रिंटरच्या सुया किरकिरल्या आणि पहिलं लेबल हळूहळू वर आलं. अध्यक्षांचंच नाव, रफारासकट. बाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यापाठोपाठ दुसरं लेबल छापायला सुरुवात झाली होती.

"पयला लेबल देवाचा!" असं म्हणून अध्यक्षांनी कागद धरला आणि ओढला. बागेतला पहिला आंबा देवापुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी खात नाही, तसंच हे. पण चाचणीसाठी बाईंनी एकमेकांना जोडलेले थोडेच कागद लावले होते. ते एका हिसक्यात प्रिंटरच्या दातऱ्यांतून सुटून सगळेच्या सगळे बाहेर आले. प्रिंटर पीं पीं करत थांबला. कॉम्प्युटरही थांबला. कुठलीही कळ दाबली तरी काही होईना.

"माझा काय चुकला?" हातात कागदाची माळ घेऊन अध्यक्ष म्हणाले.

"जरा पिकाक तरी दिवचो होतो!" बाई म्हणाल्या. "हिरवोच वडलास!"

मी बंद करून पुन्हा सुरू केलं. लेबल छापत असताना कागद जरा कुठे अडकला, की पुन्हा तेच : कॉम्प्युटर दगडासारखा गप्प. मला कारण कळलं होतं. खरा प्रिंटर सांगत होता, 'माझ्याकडे कागद नाही, थांब.' हे उत्तर माझ्या ड्रायव्हरने आयुष्यात ऐकलेलंच नव्हतं. माझा खोटा प्रिंटर फार सज्जन होता. त्याचा कागद कधी संपत नसे, तो कधी दमत नसे, दिलं ते मुकाट्याने छापी. मीच त्याला घडवला होता, आणि नाही म्हणायला मलाही कधी जमलेलं नाही.

परतीच्या एसटीपर्यंत बाई सोडायला आल्या. स्टँडवर पोचल्यावर मी सांगून टाकलं.

"बाई, माझ्याकडना चूक झाली. ह्यो प्रिंटर मी आज पयल्यांदाच बघितलंय. आधी सगळा खोट्या प्रिंटरार तपासलंय."

"खोटो प्रिंटर? तो कोणी केल्यान?"

"मीच."

"तेका काय विचारलंस?"

"छापतंस काय, म्हणान."

"आणि तो काय म्हणालो?"

"छापतंय."

बाई स्टँडवर सगळे वळून बघतील इतक्या मोठ्याने हसल्या. "म्हणजे आरशाक विचारलंस, मी बरो दिसतंय काय! मेल्या, आरसो नाय कसो म्हणतलो?" मग गाडी सुटायच्या बेतात असताना खिडकीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "झिला, कमिटी बसाक अजून वेळ आसा. माका घराक धाडू नको."

वाटेत मला काही सुचेना. खरा प्रिंटर काही कुडाळला येणार नव्हता. मग अध्यक्षांचं गाऱ्हाणं आठवायला लागलं. लाईट गेली, कागद आडाकलो, वायर कुरतडली, आंग काढल्यान... मी ते मनातल्या मनात पुन्हा म्हटलं आणि जागच्या जागी ताठ बसलो. काय काय बिघडू शकतं, याचा एवढा विचार मी ड्रायव्हर लिहिताना केलाच नव्हता. अध्यक्ष देवाला म्हणत होते, हे सगळं दूर कर. मला आधी ते सगळं जवळ आणायला हवं होतं.

मी खोट्या प्रिंटरला वाईट सवयी लावल्या. एक कळ दाबली की कागद संपायचा. दुसरी दाबली की प्रिंटरची लाईट जायची आणि तो आधीचं सगळं विसरायचा. तिसरीने वायर निघायची, चौथीने तो नुसताच रुसून बसायचा. पण या कळा मी स्वतः दाबायला बसलो की बोट आपोआप सोयीच्या जागीच पडायचं. ड्रायव्हर माझाच ना! तेव्हा बाईंना बोलावलं. त्यांची बहीण कुडाळजवळ पिंगुळीला राहायची. रविवारी तिच्याकडे येताना त्या दुकानात उतरल्या. बहिणीने त्यांच्यासाठी खास बांगडे आणून ठेवले होते, आणि मी त्यांना दुपार टळेपर्यंत अडकवून ठेवलं. हीही माझीच चूक.

बाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. "आता मी प्रिंटर. हाड काय ता!"

मी लेबलं पाठवली. पडद्यावर एक नाव निम्मं उमटलं.

"कागद संपलो!" बाईंनी कळ दाबली.

खाली ओळ आली : 'कागद घाला.'

"घातलंय. छाप... संपलो परत!"

"बाई, असो लगेच संपणा नाय."

"तू अध्यक्षांका वळाखणस नाय. आता लाईट गेली. ईली. गेली! देवगडात अशीच जाता रे. आता माका काम करूचा मन नाय. सायबाक सांग, प्रिंटर चाय पिता."

लाईट पाठोपाठ दुसऱ्यांदा गेली तेव्हा माझा ड्रायव्हर गोंधळला, आणि नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची लांबच लांब रांग आली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी दुरुस्त करायचो, त्या पुन्हा छळायच्या. इतकं नाही म्हणायची संधी त्यांना नोकरीत कधी मिळाली नसावी. शेवटी काही केल्या ड्रायव्हर अडेना, तेव्हा त्या हिरमुसल्या.

"आता मजा नाय," म्हणत उठल्या आणि बांगड्यांकडे गेल्या.

कमिटीच्या दिवशी मी भिंतीला टेकून उभा होतो. देवगडच्या खऱ्या प्रिंटरवर नवा ड्रायव्हर त्याच सकाळी एकदाच चालवून पाहिला होता. अध्यक्ष कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसले होते आणि बाई बाजूला उभ्या राहून कळा दाबत होत्या. लेबलं यायला लागली. प्रत्येकाला आपलं नाव बघायचं होतं आणि प्रत्येकजण आपलं लेबल छापून व्हायच्या आधीच ओढत होता. प्रिंटर पीं पीं करायचा, बाई कागद लावायच्या, एक कळ दाबायच्या, आणि तेच लेबल पुन्हा पहिल्यापासून यायचं. कमिटीतल्या एका डायरेक्टरने तर मुद्दाम वाकून प्रिंटरचं बटणच बंद केलं आणि मिशीत हसत बघत राहिले. बाईंनी शांतपणे बटण लावलं. डायरेक्टरांचं नाव पुन्हा आलं, वेलांटीसकट.

"पण ह्या मशीन सारखा थांबता," ते म्हणाले.

"थांबता. पण कित्याक थांबला ता सांगता," बाई म्हणाल्या. "तुमी मिटिंगेक येणास नाय तेवा सांगतास?"

सगळे हसले. हसण्यात ते डायरेक्टरही होते. अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं आणि टेबलावर हात आपटला. "मगे बाईक कायम करतोव. कोणाचा काय म्हणणा?"

कुणाचंच नव्हतं. मी डोळे पुसले, आणि कुणी बघितलं तर काय वाटेल म्हणून लगेच चष्माही पुसला. अध्यक्ष दुसऱ्या दिवशीच्या ट्रकाबद्दल बोलायला लागले. बाई तशाच उभ्या होत्या.

"काय गो, आता काय होया?" अध्यक्षांनी विचारलं.

"उठा. ती खुर्ची माझी."

अध्यक्ष उठले. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, कागद सारखे केले आणि उद्याच्या पेट्यांची लेबलं छापायला घेतली.