अण्णांना शक यायचा

पहिल्या भेटीत अण्णांनी माझ्या दुखऱ्या पायाकडे पाहिलंच नाही. आधी शिंप्याची मोजपट्टी लाकडी फूटपट्टीवर धरून दोन्हीचे आकडे पडताळले आणि म्हणाले, "कापडाची आहे, ओढली जाते. हिच्यावर मला रोज शक येतो."

बँकेच्या बदलीने मी बनारसला आलो होतो. रोज सकाळी आम्ही आठ-दहा हौशी मंडळी बॅडमिंटन खेळायचो. तिथे माझा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण मंडळी म्हणाली, अण्णांनी पास केल्याशिवाय कोर्टवर यायचं नाही. अण्णा म्हणजे ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठी घराण्यातले निवृत्त क्रीडाशिक्षक. भावांनी वेद म्हटले, यांनी रॅकेट धरली. साठी उलटली तरी नेटजवळ त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

त्यांच्या बैठकीच्या फरशीवर खडूच्या तीन रेघा होत्या. एक पुढे जाणारी, दोन तिरक्या मागे. मधोमध एका अनवाणी पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाने प्रत्येक रेघेवर जमेल तितकं लांब शिवून परत यायचं. टाच उठली की माप बाद. पहिल्या चार खेपा ते लिहीतच नसत. "आधी संथा, मग परीक्षा. चार वेळा केलं की आकडा वाढतोच, बँकवाले, तो पायाचा गुण नव्हे, सवयीचा." मग दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजायचं, आणि त्याला आदल्या दिवशीचा आकडा दाखवायचा नाही. "पोथी मिटून म्हणा," असं ते याला म्हणत. दुखरा पाय चांगल्या पायापेक्षा चार बोटं मागे राहिला, तर बाकावर बसायचं. मी तीन आठवडे बसलो. म्हातारा मुद्दाम छळतोय अशी माझी खात्री होती. पुढे मीच त्यांचा दुसरा मोजणारा झालो, आणि मलाही लोकांच्या टाचांवर शक यायला लागला.

मग अण्णांचाच घोटा मुरगळला. दोन महिने ते बाकावर बसून दुसऱ्यांची शटल मोजत होते. माणूस सुकत चालला होता. एका सकाळी म्हणाले, "आज मला मोजा. पास झालो तर उद्या खेळतो."

त्यांनी चार संथा घेतल्या. मग लिहायच्या खेपेला मागच्या रेघेवर पाय खूप लांब गेला, आणि खालची टाच उठली. मला स्वच्छ दिसलं. अण्णांनी अशा आशेने वर पाहिलं की मी आकडा लिहून टाकला.

"इतका?" अण्णा म्हणाले. "जरा जास्तच चांगला आहे. अगं, तू मोज."

अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून आल्या, खाली वाकून बसल्या. "टाच उठतेय हो तुमची," त्या लगेच म्हणाल्या. टाच टेकवून मोजलं तर पाय पाच बोटं मागे.

"तुम्हाला दिसली नव्हती?" अण्णांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

ते पहिल्या दिवशी मोजपट्टीकडे पाहत होते, तसंच माझ्याकडे पाहत राहिले. नंतरही पाय कधी चार बोटांच्या आत आला नाही आणि ते कधी खेळले नाहीत. माझ्याकडून त्यांनी पुन्हा मोजूनही घेतलं नाही. लोकांना मोजायला मात्र मलाच बोलवत राहिले. ते मला फार लागलं, पण विचारायची हिंमत झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. तेराव्यानंतर काकूंनी ती मोजपट्टी आणि मापांची वही माझ्या हातात ठेवली. "तुम्हाला द्या म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी आधी तेच पान शोधलं. माझ्या आकड्यावर एक सरळ रेघ मारलेली होती. उभ्या आयुष्यात कशावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसाने शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: "मायेने घेतलेलं माप. धरू नये."