बुटक्या दरवाजातला देवगिरी

देश स्वतंत्र झाला त्याला वर्ष उलटून गेल्यावर आम्ही स्वतंत्र झालो. देश दिल्लीत स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबादेत आम्ही निजामाचीच रयत होतो. पुढच्या सप्टेंबरात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि आमचा निकाल लागला. त्यामुळं आमच्या शहरात पंधरा ऑगस्ट पहिल्यांदा उजळ माथ्यानं साजरा व्हायची वेळ आली, तेव्हा शाळेला आलेल्या हुकुमात ‘दुसरा वर्धापनदिन’ असं लिहिलेलं होतं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, पहिला कधी झाला? मी मुलींच्या त्या शाळेत इतिहास शिकवत होते. मी सांगितलं, पहिल्याच्या वेळी आपण इथं नव्हतो. माझ्यापुरतं ते खरंच होतं. रझाकारांच्या दहशतीत आम्ही घराला कुलूप लावून सरहद्दीपलीकडं नगरला गेलो होतो. परत आलो तेव्हा कुलूप शाबूत होतं, दार नव्हतं. सासरे तिकडंच तापानं गेले होते.

हुकूम असा होता की प्रत्येक शाळेनं गाडीवर एक देखावा करावा, त्यात राज्याचा इतिहास आणि संस्कृती दिसावी, आणि तो मिरवत आमखास मैदानावर आणावा. कोणतं राज्य, ते लिहिलेलं नव्हतं. राज्य अजून हैदराबादच होतं. राजेही तेच होते, आणि त्यांची तसबीर हेडबाईंच्या खुर्चीमागं जागच्या जागी होती. ती काढावी की ठेवावी याबद्दल हुकूम नव्हता, म्हणून हेडबाईंनी तिच्याशेजारी गांधीजींची लावली. दोघं एकमेकांकडं न बघता समोर बघत.

हेडबाई हैदराबादच्या. सांभाळून वागणाऱ्या. देखाव्याचं काम त्यांनी दोघींवर सोपवलं, एक मी आणि दुसऱ्या दस्तकारी शिकवणाऱ्या आपा. तक्रार आली तर दोन्हीकडून येईल किंवा कुठूनच येणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. आपा माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या. त्यांचं शिवणकाम, कागदकाम सगळ्या शहराला ठाऊक होतं. मराठी माझ्याइतकंच बोलत, फक्त रागावल्या की दखनीत जात. मी नगरहून परत आल्यापासून आमच्यात सलाम-नमस्कारापलीकडं काही झालं नव्हतं. लष्कर आल्यानंतर त्यांच्या घरीही काहीतरी झालं होतं, एवढं कानावर होतं. कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

काम मात्र सुरू झालं. गाडीवर मधोमध देवगिरीचा किल्ला करायचा आणि त्याच्या भोवती इतिहास बसवायचा, हे आपांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. पैठणची विणकरीण, अजिंठ्याचा भिक्षू, शहराला पाण्याची नहर देणारा वजीर, अशा मुली नेमल्या. राज्यात तेलंगी आणि कानडी मुलूखही होता. पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबांची मुलगी तेलुगू निघाली. तिनं काहीतरी म्हणून दाखवलं, आम्ही ते विश्वासावर घेतलं. कानडी मुलगी मिळाली नाही. कानडी मुलूख आम्ही पुठ्ठ्यावर काढला.

खरा पेच किल्ल्याच्या नावाचा होता. मी म्हणाले देवगिरी. हेडबाई म्हणाल्या, सरकारी कागदात दौलताबाद आहे. आपा बांबूच्या कामट्या तासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की गाडीला दोन बाजू असतात. मग डाव्या बाजूला मराठीत देवगिरी लिहिलं आणि उजव्या बाजूला उर्दूत दौलताबाद. रस्त्याच्या ज्या बाजूला जो उभा राहील, त्याला तो किल्ला मिळणार होता.

मैदानावर वाचायचा मजकूर मी मराठीत लिहायचा आणि आपांनी उर्दूत. सातवाहनांपासून नहरीपर्यंत आमचं एकमत झालं. औरंगजेबावर आम्ही दोघींनी एकेक वाक्य लिहिलं, आणि ती दोन्ही वाक्यं मकबऱ्याच्या घुमटाविषयी होती. शेवटी मागच्या दोन वर्षांचा परिच्छेद मी लिहून नेला. त्यात रझाकार होते, ओस पडलेली गावं होती, आमच्यासारखी नगरला पळालेली माणसं होती. आपांनी तो सावकाश वाचला. मला वाटलं, आता दखनी सुरू होणार.

त्या म्हणाल्या, “हे खरंय. यातला एक शब्दही काढू नका. पण याच्याखाली माझंही येऊ द्या.”

त्यांनी लिहिलेलं चार ओळींचं होतं. लष्कर आल्यानंतर खेड्यापाड्यात ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं त्यांचंही काय झालं, एवढंच. कुणाचं नाव नाही, गाव नाही. मी तो कागद हातात धरून बसले. मला ते आवडलं नाही. खोटं आहे असंही म्हणता येईना, कारण नगरहून येताना वाटेतल्या एका खेड्यात जळकी मशीद मी गाडीतून पाहिली होती आणि मान दुसरीकडं वळवली होती. मी म्हणाले, येऊ द्या.

दोन्ही मजकूर हेडबाईंकडं गेले. त्यांनी माझा परिच्छेद आणि आपांच्या ओळी एकाच तिरक्या रेघेत खोडल्या. आमच्या राज्याचा इतिहास नहरीच्या पाण्यावरून थेट ‘आज’वर आला.

पंधरा ऑगस्टला सकाळी मिरवणूक निघाली. किल्ला बांबू, गोणपाट आणि हिमरूच्या चिंध्यांचा होता, पण दुरून दगडाचा वाटे. वर बालेकिल्ला आणि त्याच्यावर तिरंगा. बैलांची शिंगं रंगवली होती. आमचं शहर दरवाजांचं, हे आम्ही वर्गात शिकवायचो. आमच्या वाटेवरचा दरवाजा बुटका आहे, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. गाडीवानाला आपांनी आदल्या दिवशी ‘दरवाजातून जाईल ना?’ असं विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, “बसतंय की.” तो बैलांबद्दल बोलत होता.

बैल पलीकडं गेले. किल्ला अलीकडं राहिला. बालेकिल्ला कमानीत असा रुतला की गाडी पुढंही जाईना आणि मागंही येईना. मागं चार शाळांच्या गाड्या, त्यांच्यामागं बँड. बँडला थांबायचा हुकूम नव्हता, त्यामुळं तो वाजत राहिला. देवगिरी कधी कुणाला लढून घेता आला नाही, असं मी वर्षानुवर्षं शिकवत होते. आता तो हलतही नव्हता.

बंदोबस्ताचे जमादार आले. मी म्हटलं, झेंडा काढून घेते, मग वरचा भाग वाकवता येईल. जमादारांनी सांगितलं की झेंडा उतरवायचा हुकूम नाही. किल्ला तोडायचाही नसेल, असं मी म्हणाले. त्यांनी विचार केला आणि किल्ल्याबद्दल काही कळवलेलं नाही, असं सांगितलं.

आपा बुरख्यात मुलींबरोबर चालत होत्या. त्या पुढं आल्या, नकाब मागं टाकला आणि गाडीवानाकडून विळा मागून घेतला. भर रस्त्यात त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. गर्दीत कुजबुज झाली. त्या चाकावर पाय देऊन वर चढल्या. झेंड्याची काठी त्यांनी मुळापासून सोडवून खाली माझ्या हातात दिली, सरळ, न झुकवता. “उतरवायचा हुकूम नाय ना,” त्या जमादारांना म्हणाल्या, “बाईंच्या हातात तो वरच आहे.” मग पंधरवडाभर राबून बांधलेला बालेकिल्ला त्यांनी कापायला घेतला. गोणपाट फाटलं, कामट्या तडातड तुटल्या. भिक्षू झालेली मुलगी रडायला लागली. आपांनी तिला सांगितलं की भिक्षू रडत नसतात, आणि पुन्हा कापायला लागल्या.

गाडी सुटली. मैदानापर्यंत मी झेंडा हातात धरून किल्ल्याच्या पुढं चालले. वजन काहीच नव्हतं, पण दंड भरून आले. मैदानावर आम्ही दोघींनी आळीपाळीनं मजकूर वाचला. नहरीनंतर मी ‘आज’ म्हणाले, आपा ‘आज’ म्हणाल्या. तो शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळं लोकांना वाटलं की एकच शब्द चुकून दोनदा वाचला गेला. मंचावरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बालेकिल्ला कुठं गेला, असं कुणी विचारलं नाही. पडका किल्ला मुद्दाम दाखवलाय, असाच समज झाला असावा. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं.

परतताना मला दिसलं की आपांनी डावा हात ओढणीत गुंडाळून धरलाय आणि ओढणी लाल झालीय. तुटलेली कामटी तळव्यात आडवी घुसली होती. मैदानावर त्या तशाच वाचत होत्या. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या गुलमंडीजवळ, वाटेवरच होत्या. मी म्हटलं, घरी चला. त्या म्हणाल्या, “तुमच्या सासूबाई?”

तो प्रश्न रास्त होता. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुसलमान बायकांशी बोलणं टाकलं होतं, दारावर येणाऱ्या बोहरी बाईकडून सुईसुद्धा घेत नसत. मी म्हटलं, चला तरी.

सासूबाई दारात होत्या. त्यांनी बुरखा पाहिला, मग ओढणी पाहिली. आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर येत नाहीत. त्या हळद आणि जुन्या धोतराची पट्टी घेऊन आल्या. ते धोतर सासऱ्यांचं होतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी आपांना ओट्यावर बसवलं, हात धुतला, कामटीचा तुकडा चिमट्यानं काढला आणि हळद दाबली. आपांनी डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी त्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत विचारलं, “तुमच्या घरचं कोण गेलं?”

मला इतक्या दिवसांत जे विचारता आलं नव्हतं ते त्यांनी पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलं. आपा म्हणाल्या, “धाकटा भाऊ. शाळामास्तर होता, खेड्यात.” मग सगळं सांगितलं. आवाज कुठं चढला नाही. चार ओळींत जे मावलं नव्हतं ते सांगायला बराच वेळ लागला. सासूबाई ऐकत होत्या. आपांचं संपल्यावर सासूबाईंनी नगरची धर्मशाळा, ताप, आणि तिथं मिळालेली लाकडं ओली होती, हे सांगितलं. ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी चहा केला. आमच्याकडं परक्यांसाठी काचेचा वेगळा पेला फडताळात ठेवलेला असे. मी कपाकडं हात नेला, तोवर सासूबाईंनी तो काचेचा पेला काढून माझ्यापुढं ठेवला. आपांनी ते पाहिलं. त्या पेल्यातच चहा प्यायल्या आणि उजव्या हातानं तो विसळून पालथा घातला. सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आपा निघाल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “परवा या. पट्टी बदलावी लागंल. तुम्हाला एका हातानं जमायचं नाय.”

आपा सांगितल्या दिवशी आल्या. जखम चिघळली होती, त्यामुळं त्यांना महिनाभर यावं लागलं.