पावणं काखेपर्यंत आलं पाहिजे

तुमच्या मुलाला शाळेनं कुठली गाणी शिकवली ते तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणवून घेता. पण शाळेत जाण्याआधी त्याच्या तोंडात कुठलं गाणं होतं, हे तुम्हाला आठवतं का?

मी हे चिडून विचारते आहे. माझे वडील छापखान्यात होते. घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. वाचता यायला लागल्यावर कागद उलटला, तर तिथं ‘जाब विचारा’ असं ठळक छापलेलं. ती सवय गेली नाही.

पण पत्रकांच्याही आधी माझ्याकडे एक गाणं होतं. आईचं माहेर चंदगडकडचं. आमच्या भिंतीला भिंत लागून शेजारच्या चाचीचं घर. ती साड्यांना फॉल-बिडिंग करायची, अजूनही करते. मी आणि माझी बहीण दोन्ही घरांत वाढलो. गाण्याचा पहिला तुकडा आईचा, दुसरा चाचीचा. ते कधी जोडले गेले, कुणालाच माहीत नाही. मुलाचा तळहात आपल्या हातात घ्यायचा आणि एकेक बोट मिटत जायचं:

ह्यो गेला लाकडाला,
ह्यो बसला चुलीला,
ये पकाता दाल,
ये काटता प्याज,
धाकटा म्हणतो, अक्का, मला वाढ की!

मग ‘पावणं आलं, पावणं आलं’ म्हणत दोन बोटं मनगटावरून कोपरापर्यंत चालत जायची, तिथं जरा दम खायची आणि काखेत शिरायची. मूल किंचाळून हात ओढून घेणार आणि लगेच तोच हात पुन्हा पुढं करणार.

आता ते गाणं माझ्या भाचीकडे आलं होतं. ती बालवाडीत जाते, आणि बहीण कामावरून येईपर्यंत चाचीकडे असते. दिसेल त्या हातावर ती पावणं चालवायची. मुरगूडच्या एसटीत तिनं कंडक्टरचाही हात धरला. त्यानं पावण्याला कोपरापर्यंत येऊ दिलं आणि विचारलं, “ह्या पावण्यानं तिकीट काढलंय काय?” सगळी गाडी हसली. भाची सर्वांत मोठ्यानं.

यंदा शाळेच्या गॅदरिंगचा विषय होता ‘देशोदेशीची बालगीते’. मला आनंदच झाला. बाईंनी वर्गात विचारलं, घरी कोण कुठलं गाणं म्हणतं? भाची उठली, थेट बाईंचा हात धरला आणि बोटं मिटायला लागली. बाईंनी हात काढून घेतला. “असलं घरी म्हणायचं. चल, हाताची घडी, तोंडावर बोट.” वर्ग हसला. हे हसणं एसटीतलं नव्हतं.

मी शाळेत गेले.

“बाई, देशोदेशीत आपला देश येत नाही काय?”

“येतो की. शेवटी सगळी मुलं झेंडे घेऊन उभी राहणार आहेत.”

“आणि आपलं गाणं?”

“अहो ताई, त्यात अर्धं हे, अर्धं ते. पालक विचारतील, हे कुठल्या देशाचं?”

“आमच्या गल्लीचं म्हणून सांगा.”

“बरं, सांगते. पण हातावर बोटं चालवलेली मागच्या रांगेला दिसणार आहेत का?”

हे खरं होतं, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. एका तळहातासाठी केलेलं गाणं मागच्या रांगेला दिसणारच नाही. भाचीच्या वर्गाला जपान दिला होता. जपानमध्येही कुणीतरी बाई पोराचा हात मांडीवर घेऊनच गात असेल ना? तिचा हात तिकडेच ठेवून नुसता आवाज आणायचा, तो स्पीकरवर लावायचा, मुलांनी ओठ हलवायचे, आणि याला म्हणायचं संस्कृतीची ओळख! शेजारच्या भिंतीपलीकडची ओळख पुसायची आणि समुद्रापलीकडची भाड्याच्या कपड्यांत मिरवायची!

गॅदरिंगला भाचीनं फुलाफुलांचा झगा घातला, कागदी छत्री फिरवली, ओठ अगदी बरोबर हलवले. टाळ्या पडल्या. चाची हातातलं काम टाकून आली होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं तळहात पुढं केला.

“आव बेटा, पावणं आयेंगे क्या?”

भाचीनं हाताची घडी घातली. “चाची, ते घरातलं हाय. हितं न्हाय म्हणायचं.”

घरी आल्यावर मी म्हटलं, आता घर आलं, म्हण की.

“घरात पण न्हाय. मी आता मोठी झालो.”

चाची हसली. “लो, हमारा पावणा भुकाच गया.” आणि तिनं फॉल लावायची साडी पुढं ओढली. मला बाईंपेक्षा त्या हसण्याचा जास्त राग आला. गल्लीतली निम्मी पोरं जिच्या बोटांवर वाढली, तिनं इतक्या चटकन का सोडून द्यावं? पण तिला कुणी विचारलं होतं? आम्ही घरच्यांनी तरी? त्या टाळ्यांत माझ्या बहिणीच्याही टाळ्या होत्या. “अगं, छान केलं की तिनं,” ती म्हणाली. छानच केलं. तेच तर म्हणते आहे मी.

तेव्हापासून मी रोज भाचीसमोर तळहात धरते. ती बघते आणि दुसरीकडे तोंड फिरवते. काल जरा जास्त वेळ बघितलं. हात अजून दिलेला नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा उभे राहा आणि सांगा, की वर्षातून एक दिवस स्टेज नको, स्पीकर नको. आजी, चाची, मामा, जो कुणी पोराला घरी गाणं म्हणतो त्याला वर्गात बोलवा आणि सतरंजीवर मुलांमध्ये बसवा. आणि सभेची वाट बघू नका. आज घरी गेल्यावर तुमच्या पोरासमोर हात उघडा धरा. त्यानं पाठ फिरवली तरी मागं घेऊ नका.