ड्रॉइंगच्या पेपरच्या आदल्या दिवशी

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये टायफॉइड शिरला आणि वॉर्डनने फर्मान काढलं: लस टोचून घेतल्याशिवाय मेसमध्ये जेवण नाही. सत्तरच्या दशकातलं चंदीगड, मे महिन्याचा उकाडा, मेसच्या व्हरांड्यात पोरांची ही लांब रांग. त्या लशीने दंड असा सुजायचा की दोन दिवस शर्ट चढवताना आई आठवायची. तरी टोचून बाहेर आलेल्याच्या नेमक्या त्याच दंडावर ठोसा घालायची आमच्याकडे पद्धत होती. मीही घालायचो. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

माझ्या रूममेटचे आईवडील नागपूरचे, पण तो वडिलांच्या बदल्यांमागे उत्तरेतच वाढलेला. मी मराठीत बोलायचो, तो हिंदीत उत्तर द्यायचा. तो डावखुरा होता. आमची टोचायची पाळी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉइंगचा पेपर होता. एक विषय आधीच राहिलेला, त्यामुळे ड्रॉइंगही गेलं तर त्याचं वर्ष जाणार होतं.

त्याने लस टोचणाऱ्या कंपाउंडरपुढे उजवा हात केला. "लेफ्ट में लगेगा," कंपाउंडर म्हणाला. याने कारण सांगितलं, हात जोडले. कंपाउंडरने खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली आणि ओरडला, "ओए, पकड़ो इसको!"

मागे मीच होतो. तासभर उकाड्यात उभं राहून माझं टाळकं सटकलं होतं. मी मानेला धरून त्याला भिंतीवर दाबलं आणि डावा हात पिरगळून पुढे केला. तो लाथा झाडत होता. मग पहिल्यांदाच तो माझ्याशी मराठीत बोलला. "सोड ना रे, हा हात नको." त्या रांगेत ते फक्त मला कळलं. मी सोडलं नाही. सुई आत जाताना तो हलला आणि रक्ताचा ओघळ माझ्या मनगटापर्यंत आला.

बाहेर पडताच एका पोराने रिवाजाप्रमाणे त्याच्या त्या दंडावर ठोसा हाणला. मी त्या पोराला खाली पाडलं आणि ओठ फाटेपर्यंत, दात हलेपर्यंत बडवलं. चौघांनी ओढून काढेस्तोवर मारतच होतो. जसं काही सगळं त्यानेच केलं होतं.

सकाळी पेपरात रूममेट माझ्या पुढच्या टेबलावर होता. सुजलेला हात त्याला खांद्यापासून उचलता येत नव्हता. पेन्सिल दोनदा खाली पडली. मग त्याने उजव्या हाताने रेषा मारून पाहिल्या, खोडल्या, पुन्हा मारल्या. अर्ध्या तासाने जवळजवळ कोरा कागद देऊन तो उठला.

दुपारी खोलीत मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "मार मला," म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. त्याने मारावं म्हणून मी तडफडत होतो.

"किस हाथ से मारूँ?" त्याने विचारलं.

त्याचं वर्ष गेलं. मी पास झालो, आणि त्या पास होण्याची मला आजही लाज वाटते.