बनुबाईनं जावयाला विचारलंच

कवठेमहांकाळच्या पुढं माळाला लागून दहा-बारा उंबऱ्यांची एक धनगरवस्ती आहे. तिथं बनुबाईला लाजताना कुणी बघितलेलं नाही. स्वतःच्या लग्नातही ती लाजली नव्हती म्हणे. अंतरपाट धरलेला असताना कडेनं डोकावून तिनं कोंडीबाला विचारलं होतं, "मेंढरं घरची हायत का वाट्याची?" कोंडीबा तेव्हा जो गप्प झाला तो अजून फारसा बोललेला नाही.

आता बनुबाई साठीच्या पुढं गेली. कालव्याचं पाणी आल्यापासून थोडी द्राक्षबाग झाली, तरी तिचा जीव मेंढरांतच. बाजारात मेंढा घ्यायचा झाला की कोंडीबा बाजूला उभा राहतो आणि बनुबाई पुढं होते. आधी दात बघते, मग पाठीवरनं हात फिरवते आणि मग भर बाजारात मागनं हात घालून खालच्या दोन्ही गोळ्या चाचपते. व्यापारी आभाळाकडं बघत उभे राहतात. "एक बारीक हाय की रं ह्येची!" असं ती ओरडली की सौदा मोडला म्हणून समजायचं.

अशा बाईच्या डोक्यावर एकाच माणसापुढं पदर यायचा, तो म्हणजे जावई. जयराज फौजेत होता. वय सव्वीस, छाती पुढं, बोलणं मोजकं. धाकट्या मायाचं त्याच्याशी लग्न होऊन आठ महिने झाले होते. जानेवारीत तो सुट्टीवर आला आणि पहिल्यांदाच सासुरवाडीला मुक्कामाला राहिला. बनुबाईनं घरचं बकरं कापलं, रस्सा केला आणि दाराआड उभी राहून मायाकरवी सतरांदा वाढायला लावलं. "अजून घ्या म्हनावं." जावई नको म्हणायचे, तिकडून पळी यायचीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जयराज कळवळून उठला. माया पळत चुलीपाशी आली. "आये, ह्यांच्या पोटात लय दुखतंय. उलटी झाली."

बनुबाईच्या हातातली काटकी तशीच राहिली. मटण! आता हा माणूस आटपाडीकडं आपल्या गावात जाऊन सांगणार, सासूनं शिळं खाऊ घातलं. तिनं कोंडीबाकडं बघितलं. त्यानं जावयाच्या दुप्पट हाणलं होतं आणि तो निवांत मशेरी लावत होता. मग मटण कसं बाधलं असंल? तरी तिनं ओवा दिला, सोडा दिला, बेंबीभोवती हिंग लावायला मायाच्या हातात दिला. कशानंच उतार पडेना.

सातला नानासो डॉक्टर मोटारसायकलवरनं आले. हे शेजारच्या गावातले, वस्तीवरची निम्मी माणसं त्यांच्या इंजेक्शनावर चाललेली. त्यांनी पोट दाबून बघितलं. "इथं दुखतंय? इथं?" जयराज दात आवळून "हितंच, जरा खाली," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली. "पोट तर मऊ आहे. मुतखडा असेल. इंजेक्शन देतो, वर ही एक गोळी घ्या, तासाभरात थांबलं नाही तर फोन करा."

ते गेले आणि जयराज भिंत धरून मोरीकडं निघाला. बनुबाई चुलीपुढनं बघत होती. पोट दुखणारा माणूस पुढं वाकून, पोटाशी हात धरून चालतो. हा गुडघे लांब ठेवून, पाय फाकवून चालला होता. अशी चाल तिनं जन्मभर बघितली होती. माणसाची नव्हे, पण बघितली होती.

तिनं कोंडीबाला कोपऱ्यात घेतलं. "आवं, पोट न्हवं ते. खालचं दुखणं हाय. जाऊन इचारा."

"मी?" कोंडीबा दचकला. "जावयाला? मेंढरं सोडायची हायत." आणि मशेरीचं बोट तोंडात तसंच ठेवून तो चालता झाला. मेंढरं सोडायला अजून दोन तास होते.

मायानं आत जाऊन विचारलं. "पोटच म्हणत्यात," ती बाहेर येऊन म्हणाली आणि रडायला लागली.

मग बनुबाई उठली. दारात गेली. पदर पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि बोलली, "जावयबापू, मी भिताडाकडं बघती. तुमी पत्र्याकडं बघा. आता खरं सांगा. गोळी दुखतीया का?"

आतनं बारीक आवाज आला. "कुठली गोळी, मामी? डॉक्टरनी दिलेली?"

"न्हवं. देवानं दिलेली."

मग सीमेवर बंदूक धरून उभा राहणारा तो गडी उशीत तोंड खुपसून म्हणाला, "व्हय."

"डावी का उजवी?"

"डावी."

"सुजलीया?"

"व्हय. आन वर चढल्यागत झालीया."

बनुबाईनं पदर खोचला आणि सरळ वळली. आता लाजायची वेळ नव्हती. मेंढा खच्ची करतात तेव्हा काय करतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. वरच्या दोरीचं रक्त तोडायचं, बाकी काही नाही. रक्त तुटलं की खालचं आपोआप वाळून जातं. इथं कुणी चिमटा लावला नव्हता, पण दोरीतच काहीतरी बिघडलं होतं एवढं तिला कळलं. तिनं नानासो डॉक्टरांना फोन लावला आणि जे होतं ते त्याच शब्दांत सांगितलं.

"अहो, मग आधी बोलायचं नाही का!" डॉक्टर फोनवर ओरडलेच. "पीळ पडला असणार. कळ कधी सुरू झाली? साडेपाच? म्हणजे साडेअकराच्या आत सोडवायला पाहिजे. सहा तासांच्या पुढं एकेक तास महाग जातो. सांगलीला न्या, मी तिकडं कळवून ठेवतो. तोंडात पाण्याचा थेंब घालू नका."

तेव्हा आठ वाजले होते. शेजारच्या जीपमध्ये मागं जयराज आडवा, डोकं मायाच्या मांडीवर. पुढं बनुबाई. गतिरोधक आला की ती ओरडायची, "हळू रं!" आणि तो ओलांडला की, "आता हान!" ड्रायव्हरला मिरज येईपर्यंत घाम फुटला. मागनं दर धक्क्याला "आई गं" ऐकू यायचं. बनुबाई मनात म्हणत होती, देवा, मी आजवर किती मेंढ्यांचं वाटोळं केलं त्याचा हिशेब माझ्याकडनं घे, ह्या पोराकडनं नको.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर संयोगिता तयारच होत्या. तिशीतल्या, चष्म्याच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना बघून जयराजनं चादर गळ्यापर्यंत ओढली. "मॅडम, पुरुष डॉक्टर न्हाईत का?"

"आहेत की. दुपारी दोनला येतात. तुम्ही थांबाल, पण तुमची ही गोळी थांबणार नाही. चादर खाली घ्या."

बनुबाई पडद्याआड उभी राहून सगळं ऐकत होती. ताप होता का? नाही. लघवीला जळजळ? नाही. मार लागला होता? नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "मांडीच्या आतून नुसतं बोट फिरवते. हं, उजवी गोळी वर उचलली जातेय बघा. डावीकडं काहीच हालचाल नाही. आणि ती वर, आडवी झालीय. असं पूर्वी कधी झालं होतं का?"

"दोनदा," जयराज म्हणाला. "ड्यूटीवर असताना. अर्ध्या तासात आपोआप थांबलं."

"कुणाला सांगितलं होतं?"

जयराजनं चादर पुन्हा वर ओढली. पडद्याआडून बनुबाई म्हणाली, "मेंढरं बरी. निदान बें तरी करत्यात."

ऑपरेशनची तयारी चालली होती तेवढ्यात सोनोग्राफी झाली. उजवीकडं रक्त वाहताना दिसत होतं, डावीकडं नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन मायलेकींना बाकावर बसवलं. "गोळी आत भिंतीला नीट धरलेली असते. काहींची जन्मापासून सुटी असते, घंटेतल्या लोळीसारखी लोंबती. ती कधीतरी गरकन फिरते. झोपेत, थंडीत, पळताना, कधी काहीच कारण नसतं. वरच्या दोरीला पीळ पडला की रक्त बंद. आता उघडून पीळ सोडवायचा. जिवंत असेल तर टाके घालून जागेवर बसवायची. उजवीलाही टाके घालायचे, कारण तीही तशीच सुटी असणार."

"म्हंजे मटणानं न्हवं?" बनुबाईनं विचारलं.

"मटणाचा काय संबंध?"

"आसं जरा हिच्याकडं बघून बोला," बनुबाई मायाकडं बोट करत म्हणाली. "सासरी सांगाय पायजे हिला."

माया मात्र वेगळ्याच काळजीत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती आईकडं बघत राहिली. बनुबाईनं तिच्या वतीनं विचारून टाकलं. "आन मेलेली निघाली तर? पोरंबाळं?"

"मेली असेल तर काढावी लागते. एक चांगली असली तरी बहुतेकांना पोरं होतात. पण तुम्ही वेळेत आलाय. बघू."

साडेदहाला जयराजला आत नेलं. त्याआधी त्यानं कागदावर सही केली. बनुबाई बाकावर मांडी घालून बसली. चहा आला तो तसाच गार झाला. जन्मात पहिल्यांदा तिला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आल्या. "दीड पीळ होता. पिशवी उघडली तेव्हा गोळी काळीनिळी पडली होती. सोडवली, गरम कापडात गुंडाळली आणि आम्ही सगळे दहा मिनिटं नुसते बघत उभे. मग हळूहळू गुलाबी व्हायला लागली. वाचली."

बनुबाईनं डॉक्टरांच्या गालांवरनं हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा आवाज झाला.

संध्याकाळी शुद्ध नीट आल्यावर जयराज हळूच म्हणाला, "मामी, एक इनंती. पोटाचं ऑपरेशन झालं म्हणा."

"बरं," बनुबाई म्हणाली. तिनं शब्द दिला आणि तो आठवडाभर पाळला. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. वस्तीवरच्या बायका जमल्या, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी वयात आलेली पोरं. वाण देता देता बनुबाईला राहवेना. पोट, पोट करण्यात अडीच तास गेले होते, ते तिच्या डोळ्यांपुढनं हलत नव्हते. "नाव घेत न्हाई मी," तिनं सुरुवात केली, "वळखीचा एक पावणा हाय. फौजेत असतो." वस्तीवर फौजेतला पाहुणा एकच येत होता, त्यामुळं बायकांनी तिळगुळाच्या वड्यांकडं बघून मान हलवली. "तवा आयकून ठेवा. पोराला अचानक खालनं कळ आली, उलटी झाली, तर ओवा देत बसू नगा. गाडी काढा. आन पोरगं पोट म्हणत असंल तरी नीट इचारा."

सुट्टी संपवून परत गेलेल्या जयराजला ही बातमी पुढं फोनवर कळलीच. मायानं घाबरत घाबरत फोन कानाशी धरला. पलीकडं तो हसला. "मामींना सांग, मी इथं माझ्या बराकीत सांगून टाकलंय. दोघं निघाले पोट म्हणणारे."

त्याच दिवशी मेंढरं कोंडून कोंडीबा आला आणि अंगणात उगाच उभा राहिला. बनुबाई भाकरी थापत होती.

"काय वं?"

"ती सांगलीची डॉक्टरीण," कोंडीबा खांबाला म्हणाला. "म्हाताऱ्यांचं बी बघती का?"

"कुणाचं काय बघायचंय?"

कोंडीबानं धोतराचा सोगा सारखा केला. "दोन वरीस झालं. एक बाजू फुगलीया. दुखत न्हाई. म्हनून बोललो न्हाई."

बनुबाईचे पिठाचे हात हवेत राहिले. सबंध जिल्ह्याचे मेंढे चाचपणारी बाई, आणि घरातलं हे! तिनं त्याला लय शिव्या दिल्या, त्यातली एकही इथं लिहिण्यासारखी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सांगलीला गेले. डॉक्टर संयोगितांनी कोंडीबाला पडद्याआड नेलं, बॅटरी लावून बघितलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, नुसतं पाणी साठलंय, उजेड आरपार दिसतो. घाई नाही, सवडीनं बारीक ऑपरेशन करू.

"ह्येला पीळ न्हाई न्हवं?" बनुबाईनं खात्री करून घेतली.

"नाही."

"मग द्राक्षं उतरल्यावर आणती," ती म्हणाली आणि कोंडीबाला पुढं घालून बसस्टँडकडं निघाली.