गुळाच्या गोदामातला तुरुंग

आमच्या युनिटमधले दोघं कुठल्या लग्नात भेटले, की जेवण राहतं बाजूला आणि सुरू होतं, "ते आठवतंय का रे?" पिक्चर तुरुंगाचा आणि कोर्टाचा, शूटिंग सगळं कोल्हापुरात. थेटरात तो जेमतेम आठवडाभर टिकला. किस्से मात्र अजून हाऊसफुल्ल! मी कपडेपट सांभाळायचो, त्यामुळे कैद्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांची मापं माझ्याकडे.

*

तुरुंगाचा सेट एका जुन्या गुळाच्या गोदामात लावला होता. हिरो कोठडीत जमिनीवर पडून तळमळतो, असा पहिलाच सीन. पठ्ठ्या असा तळमळला की आमच्या डायरेक्टर सरांच्या डोळ्यांत पाणी!

"कट! काय जीव ओतलायस रे!"

"सर, मुंग्या! सगळीकडं मुंग्या!"

हिरोनं दुसरा टेक मागितला. पण सर दुसरा टेक म्हणजे पाप समजायचे. पिक्चरमध्ये त्या मुंग्याच आहेत.

*

उपाशी कैदी हवेत म्हणून सांगितलं, तर माणसं पुरवणाऱ्यानं तालमीतले बारा पैलवान पाठवले. माझे सदरे त्यांच्या दंडातच अडकले. सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, हे उपाशी दिसतात का?"

त्यातला एक खरोखर दुखावला. "सकाळधरनं नुसत्या दुधावर हाय की सर!"

*

कोर्टातल्या पुकाऱ्यासाठी खराच माणूस आणला होता. बंडूमामा, कोर्टातले निवृत्त शिपाई. न्यायाधीश झाले होते गारगोटीचे एक चित्रकलेचे मास्तर. पण अंगावर काळा कोट चढला, की मामांच्या लेखी ते साहेबच. मामा त्यांच्यासमोर बसायचे नाहीत, त्यांच्याआधी जेवायचे नाहीत. मामा उपाशी राहू नयेत म्हणून मास्तर बिचारे पाच मिनिटांत ताटावरून उठायचे!

एकदा सर म्हणाले, "मामा, आरोपीचं नाव एकदाच पुकारा. सीन लांबतोय."

"एकदाच? तीनदा पुकारल्याबिगर माणूस गैरहजर धरता येत न्हाय, सर!"

"अहो, पण तो समोरच उभा आहे."

"मग एकदा तरी कशाला पुकारायचं?"

*

ज्यांच्या आयुष्यावरून गोष्ट बेतली होती, ते तात्या रोज राधानगरीकडनं पहिल्या एसटीनं यायचे. खुनाच्या खोट्या आरोपात सहा वर्षं आत काढलेली, मग निर्दोष सुटलेले. हिरोनं मोठ्या अदबीनं विचारलं, "तात्या, आत असताना काय वाटायचं?"

तात्यांनी बराच विचार केला. "भात कच्चा असायचा."

हिरोनं ते वहीत लिहून घेतलं.

*

तात्या सरांना मात्र रोज एकच विचारायचे, "पिक्चरमधी शेवटी मला सोडणार न्हवं?" सरांचं ठरत नव्हतं. हिरो आतच राहिला तर लोकांना जास्त चटका लागेल, असं त्यांचं मत.

एकदा तात्या माझ्यापाशी बोलले. "खरा निकाल लागला तवा कोर्टात गावचं काळं कुत्रंबी न्हवतं. वकील आन मी. अजून गावात म्हणत्यात, वकील हुशार व्हता म्हणून सुटला."

मला फार वाईट वाटलं. मी ते सरांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टची शेवटची पानं बदलून आली.

*

निकालाच्या सीनला कोर्टात गर्दी हवी होती. "माणसं मी आणतो की," तात्या म्हणाले, आणि दोन टेम्पो भरून आपलं गावच घेऊन आले! पिक्चरमध्ये दिसणार म्हटल्यावर सगळे कडक इस्त्रीत. सरपंच, पोलीस पाटील पहिल्या बाकावर. तात्या कडेला भिंतीला टेकून उभे.

मास्तरांनी निकाल वाचला. "आरोपी निर्दोष आहे. त्याची सुटका करण्यात येत आहे."

"कट! ओके!" सर म्हणाले. कॅमेरामननं कॅमेरा पेटीत ठेवला.

तात्या पुढं आले. "सर, मागच्या बाकावरच्यांस्नी ऐकू आलं न्हाय. परत एकदा घ्या की."

सरांनी तात्यांकडं पाहिलं, मग मागच्या बाकाकडं.

"वन मोर!"

"सर, कॅमेरा पेटीत गेलाय," कॅमेरामन कुजबुजला.

"असू दे. मास्तर, मोठ्यानं वाचा. मामा, पुकारा!"

मामांनी पुकारा केला. हिरोच्या नावाचा नाही, तात्यांच्या खऱ्या नावाचा. तात्या समोर उभे असताना, तीनदा!